४५ दिवस उशीर झालेलं अपील : ग्रॅच्युइटीच्या केसमधला विलंब माफीचा माझा अनुभव

बरेच दिवस लिहायचं होतं पण पैसे खरंच खात्यात जमा होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेल्या महिन्यात जमा झाले. आता लिहितो, कारण मे २०२३ मध्ये मी हातात कोर्टाची ऑर्डर घेऊन बसलो होतो आणि अपिलाची मुदत निघून गेली म्हणजे सगळं संपलं असंच समजत होतो. विलंब माफी, म्हणजे झालेला उशीर माफ करून अपील घ्या अशी कोर्टाला विनंती करता येते, हे तेव्हा कोणीतरी नीट सांगायला हवं होतं.

थोडक्यात मागचं सांगतो. मी १ जून २००३ ला एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागलो, आधी टेम्पररी, मग १ जून २००९ ला परमनंटचं लेटर मिळालं. ३० जून २०१९ ला राजीनामा देऊन सोडलं. शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून १४,३०० रुपये. ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना सर्व्हिसच्या वर्षांवर कंपनी देते ती रक्कम) हिशोब तेव्हा सोपा होता, शेवटचा बेसिक अधिक डीए भागिले २६ गुणिले १५, म्हणजे माझे वर्षाला ८,२५० झाले. सोळा वर्षांचे १,३२,००० व्हायला पाहिजेत. कंपनीने लेखी कळवलं की तुमची सर्व्हिस दहाच वर्षं, आधीची सहा वर्षं तुम्ही कॉन्ट्रॅक्टरकडे होता, म्हणून ८२,५००. आता मी त्या सहा वर्षांत त्याच गेटमधून आत जायचो, त्याच रजिस्टरला सही करायचो, त्याच साहेबांच्या हाताखाली माल उतरवायचो. फरक ४९,५०० चा होता, रक्कम लहान वाटेल, पण सहा वर्षं कोणी पुसून टाकतं तेव्हा माणूस रकमेकडे बघत नाही.

१५ जुलै २०१९ ला कंपनीला आय नमुन्यात (फॉर्म आय) ग्रॅच्युइटीचा अर्ज दिला होता, ८ ऑगस्टला त्यांचं ते उत्तर आलं, आणि २२ ऑक्टोबरला एन नमुन्यात (फॉर्म एन) कामगार न्यायालयात अर्ज टाकला (आपल्या राज्यात १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीची कंट्रोलिंग अथॉरिटी, म्हणजे वाद ठरवणारे अधिकारी, कामगार न्यायालयाचे न्यायाधीश होते, हे मलाही तेव्हाच कळलं. या अर्जाला ९० दिवसांची मुदत होती). मग कोविड आला, तारखा नुसत्या पुढे जात राहिल्या, आणि ऑर्डर लागली १२ जानेवारी २०२३ ला. दहा वर्षांचे ८२,५०० आणि त्यावर १० टक्के सरळ व्याज मंजूर. पहिल्या सहा वर्षांचा पुरावा नाही म्हणून ती नामंजूर.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

वकील साहेबांच्या क्लार्कने १६ जानेवारीला नकलेसाठी (ऑर्डरची कोर्टाच्या शिक्क्याची प्रत) अर्ज केला. नक्कल तयार व्हायला २४ फेब्रुवारी उजाडला, २७ तारखेला ती वकिलांच्या ऑफिसात आली. २ मार्चला मला फोन आला, ऑर्डर आलीये, या कधीतरी घेऊन जा. मी म्हणलं येतो रविवारनंतर. आणि रविवारी ५ मार्चला, होळीच्या आदल्या दिवशी, गावाकडे आई अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी एकुलता एक. तालुक्याच्या हॉस्पिटलात ९ तारखेला ऑपरेशन झालं, १६ ला डिस्चार्ज, आणि मग तिला उठवणं बसवणं, वॉकर धरून चालवणं यात दोन महिने कसे गेले ते कळलं नाही. कोर्ट डोक्यातून गेलं असं म्हणत नाही, रोज आठवण यायची, पण असं वाटायचं की ऑर्डर तर लागून गेलीये, कागद आज घेतला काय आणि महिन्याने घेतला काय. ही माझी सगळ्यात मोठी चूक. ऑर्डर मिळाली की खरंतर अपिलाचं घड्याळ सुरू होतं.

त्या दोन महिन्यांत एक गोष्ट मात्र झाली. आईचे रेशन कार्डाचे कागद शोधताना तिच्या पत्र्याच्या पेटीत तळाला एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या पीएफच्या जुन्या वार्षिक स्लिपा सापडल्या. २००४-०५ पासून २००८-०९ पर्यंतच्या पाच. नोकरी लागल्यावर मी दिवाळीला घरी गेलो की कागद तिच्याकडे ठेवायचो, विसरूनच गेलो होतो. आधीच्या केसमध्ये मी पीएफचं ऑनलाइन पासबुक काढलं होतं पण त्यात ही जुनी वर्षं दिसत नव्हती. स्लिपेवर माझं नाव, पीएफ नंबर, आणि त्या नंबरात आस्थापनेचा कोड, तोच कोड जो माझ्या परमनंट झाल्यानंतरच्या स्लिपेवर आहे. कॉन्ट्रॅक्टरचा नाही, कंपनीचा. मी त्या पाच स्लिपा खाटेवर ओळीने मांडून कितीतरी वेळ नुसता बघत बसलो होतो.

१४ मे ला परत आलो, १७ ला नक्कल घेतली, वाचली, आणि वाटलं आता या स्लिपांचा काय उपयोग. २३ मे ला जुना सहकारी भेटला, त्याने दुसऱ्या एका वकील मॅडमचं नाव सांगितलं. २६ तारखेला गेलो. मी सगळी कहाणी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर करून थांबवलं, "काका, आधी एवढंच सांगा, ऑर्डरची नक्कल हातात कधी आली?"

मी म्हणलं १७ मे. त्यांनी नकलेचं शेवटचं पान उलटलं. तिथे मागे एक शिक्का असतो, मी तोपर्यंत त्याकडे बघितलंही नव्हतं. नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, नक्कल दिली कधी, अशा तीन तारखा त्यात पेनाने भरलेल्या असतात. तिसरी तारीख २७ फेब्रुवारी. मॅडम म्हणाल्या, तुमच्या वकिलाला मिळाली म्हणजे तुम्हाला मिळाली असंच धरून चालायचं, आपण सोयीची तारीख धरायची नाही, कडक तारीख धरायची. मग कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. ग्रॅच्युइटी कायद्याच्या कलम ७(७) मध्ये ऑर्डर मिळाल्यापासून ६० दिवसांत अपील, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत. पहिले ६० संपले २८ एप्रिलला. दुसरे ६० संपणार २७ जूनला. म्हणजे दार अजून एक महिना उघडं होतं. त्यापुढे कितीही खरं कारण असलं तरी या कलमात जागाच नाही, असं त्या म्हणाल्या. मी आणखी महिनाभर रडत बसलो असतो तर हे लिहायलाच मिळालं नसतं.

म्हणून सांगतो, ऑर्डर लागली की दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज, आणि नक्कल मिळाली की पहिलं मागचं पान बघा आणि ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा. कुठल्या कायद्याखाली केस आहे त्याप्रमाणे मुदत वेगळी असते. आमच्याच कारखान्यातल्या एकाला कामावरून काढलं होतं, त्याची केस अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याखाली (एमआरटीयू अँड पीयूएलपी म्हणतात तो, १९७१ चा), त्याला तक्रारीलाच ९० दिवस आणि उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं. त्याची मुदत २०२० मध्ये संपत होती. त्याला सुप्रीम कोर्टाच्या कोविडच्या आदेशाचा फायदा मिळाला, १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता तो. माझी ऑर्डर २०२३ ची त्यामुळे मला त्याचा उपयोग नव्हता.

पुढचं काम आधीच्या वकिलांची एनओसी, म्हणजे दुसरा वकील करायला ना हरकत, आणणं. मला फार संकोच वाटत होता, चार वर्षांचे संबंध, ते नाराज होतील वगैरे. तसं काही झालं नाही, १ जूनला गेलो, फाइल दिली, एनओसीवर सही दिली, आईची चौकशी केली. ज्यांना वकील बदलायचा आहे त्यांनी याला घाबरू नये, फक्त उरलेली फी देऊन जा आणि फाइलमधला प्रत्येक कागद मोजून घ्या.

मग विलंब माफीचा अर्ज. मला वाटलं होतं आई आजारी होती असं एका ओळीत लिहायचं. मॅडमनी एक कोरा कागद दिला आणि सांगितलं २७ फेब्रुवारी ते आजपर्यंत प्रत्येक आठवड्यात तुम्ही कुठे होता आणि त्याचा कागद काय, ते लिहून आणा. दोन रात्री लागल्या. डिस्चार्ज कार्ड होतं, मेडिकलची बिलं होती, फिजिओथेरपीवाल्याची वही होती. एसटीची तिकिटं पण पाकिटात होती पण ती मशीनची तिकिटं, तीन महिन्यांत अक्षरं पार उडालेली, दिव्याखाली धरलं तरी तारीख वाचता येईना. चारपैकी एकच तिकीट कसंबसं वाचता आलं. असली तिकिटं, एटीएमच्या स्लिपा वगैरे त्याच आठवड्यात झेरॉक्स करून ठेवा किंवा मोबाईलवर फोटो तरी काढा. बायकोने एक बरं सुचवलं, त्या दिवसांत मी गावातल्या बँकेतून पैसे काढले होते, पासबुक भरून आणलं तर त्यात तारखेसकट गावच्या शाखेची नोंद होती. तो कागद सगळ्यात भक्कम ठरला.

अवघड भाग होता १४ मे ते २६ मे. आई बरी, मी परत आलेलो, मग बारा दिवस काय केलं? मी म्हणलं मॅडम इथे मीही आजारी होतो असं लिहू का. त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, काका हे अ‍ॅफिडेव्हिट आहे, शपथेवर आहे, जे झालं तेच लिहायचं, अपील करता येतं हे मला माहीत नव्हतं आणि २३ तारखेला कळलं असंच लिहा. तसंच लिहिलं. मला आजही वाटतं की त्या एका खऱ्या परिच्छेदामुळे बाकीच्या कागदांवर विश्वास बसला.

१२ जून २०२३ ला औद्योगिक न्यायालयात दाखल केलं. विलंब माफीचा किरकोळ अर्ज, त्यासोबत अपिलाचा मेमो, ऑर्डरची नक्कल, अ‍ॅफिडेव्हिट, कागदांची यादी. विलंब ४५ दिवस. ऑफिसने ऑब्जेक्शन काढलं की फिकट कागदांच्या टाइप केलेल्या प्रती जोडा आणि पान नंबर नीट घाला, ते १९ जूनला पूर्ण केलं. म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, ऑब्जेक्शन निघतंच. खर्च सांगायचा तर मॅडमनी विलंब माफीचे ८,००० आणि अपिलाचे १२,००० सांगितले, दोन्ही हप्त्याने घेतले, टायपिंग झेरॉक्स मिळून ९४० गेले. आणि हे मला फार उशिरा कळलं, विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगाराला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, बायकांनाही मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच असतं, हेल्पलाइन १५१००. ज्याची फी द्यायची ऐपत नाही त्याने आधी तिथे जावं, यात कमीपणा काही नाही.

यानंतर नुसत्या तारखा. पहिली तारीख २४ जुलै, तर कंपनीची नोटीस पोस्टातून परत आली, पाकिटावर 'लेफ्ट' शेरा. कंपनीने ऑफिस हलवलं होतं. नवा पत्ता कुठून आणायचा? मॅडमच्या ज्युनिअरने कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून नोंदणीकृत ऑफिसचा पत्ता दोन मिनिटांत काढला, ते पान प्रिंट करून पुरशीस (कोर्टाला लेखी कळवण्याचा कागद) देऊन परत नोटीस काढली. ४ सप्टेंबरला त्यांचे वकील आले, वकीलपत्र दिलं, 'से', म्हणजे त्यांचं लेखी म्हणणं, द्यायला मुदत मागितली. १६ ऑक्टोबरला परत मुदत. २८ नोव्हेंबरला से आला. त्यात लिहिलं होतं की अर्जदार निष्काळजी आहे, हक्काबाबत झोपून राहिला, कारणं बनावट आहेत. बनावट हा शब्द वाचून मी कोर्टाच्या व्हरांड्यात बसलो आणि हात थरथरायला लागले. आईच्या मांडीत घातलेल्या रॉडचा एक्स-रे माझ्या पिशवीत होता. मॅडम म्हणाल्या, से मध्ये असं लिहितातच, मनावर घेऊ नका. मनावर घ्यायचं नाही हे जमत नाही पण निदान आधीच माहीत असलेलं बरं.

१७ जानेवारी २०२४ ला न्यायाधीश साहेब रजेवर. मी सध्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअर बघतो, प्रत्येक तारखेला ४५० रुपये खाडा. मालकाला आधीच्या संध्याकाळी सांगायचो, तो काही बोलायचा नाही पण त्याचा चेहरा वाचता यायचा. तारखांसाठी मी एक छोटी वही केली होती, त्यात त्या दिवशी काय झालं, पुढची तारीख, कशासाठी ठेवलीये, हे तिथेच उभं राहून लिहायचो. रोजनामा (कोर्टाची प्रत्येक तारखेची नोंद) नंतर बघता येतो पण आपली वही आपल्याजवळ पाहिजे. दोनदा वकिलांच्या डायरीत तारीख चुकली होती ती माझ्या वहीमुळे सापडली.

४ मार्चला युक्तिवाद झाला. पंधरा मिनिटंही नसेल. समोरचे वकील म्हणाले प्रत्येक दिवसाच्या विलंबाचं कारण द्यायला हवं. मॅडमनी सुप्रीम कोर्टाचा १९८७ चा निकाल दिला, कातिजी म्हणतात त्याला, त्यात असं आहे की प्रत्येक दिवसाचा विलंब समजावून सांगा याचा अर्थ टोकाला न्यायचा नाही, मग प्रत्येक तासाचा आणि प्रत्येक सेकंदाचाही मागाल, आणि उशीर करून अर्जदाराचा फायदा होत नसतो उलट त्याचंच नुकसान होतं. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो आणि पहिल्यांदा वाटलं की आपल्यासारख्यांचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवलाय. साहेबांनी पासबुकाचं पान आणि डिस्चार्ज कार्ड शेजारी शेजारी ठेवून तारखा बघितल्या. एक प्रश्न विचारला, अपिलाची माहिती नव्हती तर आधीच्या वकिलांनी सांगितलं नाही का? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी उभा राहून सांगितलं, साहेब त्यांनी ऑफिसला बोलावलं होतं, मीच गेलो नाही.

२० मार्च २०२४ ला ऑर्डर झाली. विलंब माफ, १,५०० रुपये कॉस्ट (खर्चापोटीची रक्कम) समोरच्या पक्षाला पंधरा दिवसांत द्यायची, ती भरल्यावर अपील रजिस्टरला घ्यायचं. ४५ दिवसांच्या माफीसाठी २८२ दिवस लागले. कॉस्टचा राग येऊ देऊ नका आणि शेवटच्या दिवसाची वाटही बघू नका, ती अट असते, चुकली तर माफीच जाते. मी २८ मार्चला भरली, पावती घेतली, पावतीसह पुरशीस दिली आणि एप्रिलमध्ये अपिलाला नंबर पडला. दरम्यान मंजूर झालेले ८२,५०० आणि त्यावरचं व्याज कंपनीने भरलं होतं ते उचलायला मी घाबरत होतो, उचललं तर ऑर्डर मान्य केली असं होईल की काय. मॅडमनी अर्जात 'अपिलाचा हक्क राखून' असं स्पष्ट लिहून उचलायला लावलं.

अपील स्वतः त्या मानाने सरळ गेलं. खालच्या कोर्टाचं रेकॉर्ड यायला पाच महिने लागले, स्लिपा दाखल करायला वेगळा अर्ज करावा लागला कारण तो नवा पुरावा, त्यावर परत से आला. जून २०२५ ला युक्तिवाद, १४ ऑगस्ट २०२५ ला निकाल. सहापैकी पाच वर्षं धरली. २००३-०४ ची स्लिप पेटीत नव्हती आणि त्या वर्षी २४० दिवस (वर्ष धरायला तेवढे दिवस काम दाखवावं लागायचं) भरल्याचा दुसरा कागदही नव्हता, ते वर्ष गेलं. पाच वर्षांचे ४१,२५० आणि ३० जुलै २०१९ पासून १० टक्के व्याज, मिळून ६७ हजारांच्या आसपास, कंपनीने नोव्हेंबरमध्ये कोर्टात भरले, तिथून माझ्या खात्यात आले.

एक लक्षात ठेवा, माझं सगळं १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याखाली चाललं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झालीये, त्यामुळे नवीन केस असेल तर कलमं आणि मुदती वकिलाकडून नव्याने बघून घ्या, माझ्या आकड्यांवर जाऊ नका.

आईला फोन करून सांगितलं की पाच वर्षं मिळाली. ती म्हणाली, आणि सहावं? मी म्हणलं त्याचा कागद नव्हता. थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, त्या वर्षी तू दिवाळीला आलाच नव्हतास. खरं आहे, २००४ च्या दिवाळीला ओव्हरटाइम मिळाला म्हणून मी गेलो नव्हतो, ती स्लिप रूमवरच कुठेतरी राहिली असणार. मूळ स्लिपा कोर्टातून परत मिळायला वेगळा अर्ज द्यावा लागतो, तो मी दिलाय, अजून तारीख मिळालेली नाही.